गिटलॅबला कीक्लोक जोडताना : लोट्याच्या कारखान्यासाठी

कोड ठेवण्याचे व्यासपीठ आणि कोणाला कुठे प्रवेश द्यायचा हे सांभाळणारी यंत्रणा एकमेकींना जोडली, की माणसाची ओळख एकाच जागी तपासली जाते आणि बाकीच्या यंत्रणा त्या तपासणीवर विसंबतात. येथे व्यासपीठ म्हणून गिटलॅब आणि प्रवेश-व्यवस्थापनासाठी कीक्लोक धरले आहे. दोन्ही स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतात, दोन्हींच्या मोफत आवृत्त्या आहेत आणि मध्यम आकाराच्या कारखान्याच्या आयटी विभागाला त्या पेलतात. गिटलॅबची सुरुवात २०११ मध्ये झाली. कीक्लोकची पहिली आवृत्ती २०१४ मध्ये रेड हॅटच्या छत्राखाली आली आणि २०२३ मध्ये तो प्रकल्प क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनकडे गेला.

खेड तालुक्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहत मुख्यतः रासायनिक कारखान्यांची. अशा कारखान्यात कोड फारसा नसतो, ही समजूत चुकीची आहे. प्रयोगशाळेतून बॅचचे प्रमाणपत्र छापणारी स्क्रिप्ट, ईआरपीमधून साठ्याचा रोजचा अहवाल काढणारा प्रोग्राम, पीएलसीच्या प्रोग्रामांच्या जपून ठेवलेल्या प्रती, सांडपाण्याच्या मोजमापाचे आकडे एका तक्त्यातून दुसऱ्यात नेणारी छोटी साधने, हा सगळा कोडच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये अतिप्रदूषणकारी गटातील १७ प्रकारच्या उद्योगांना सतत चालणारी ऑनलाइन मापन यंत्रणा बसवण्याचे निर्देश दिले. तेव्हापासून आकड्यांची वाट नेमकी कशी आहे, मधल्या एखाद्या ओळीत कोणी कधी काय बदलले, हे दाखवता येणे कारखान्याच्या हिताचे झाले आहे. गिट हे प्रत्येक बदलाची नोंद ठेवते, पण नोंदीतले नाव खरे असेल तरच त्या नोंदीला किंमत. तीन पाळ्यांतले सगळे केमिस्ट ‘क्यूसीलॅब’ या एकाच खात्याने आत येत असतील, तर नोंद असूनही ती काहीच सांगत नाही. जोडणीचे काम हाती घेण्याआधी अशी सामाईक खाती शोधून बंद करावीत आणि प्रत्येकाला त्याच्या नावाचे खाते द्यावे.

दोन यंत्रणांनी एकमेकींशी कोणत्या भाषेत बोलायचे, हे आधी ठरते. सॅमल २.० हे २००५ चे प्रमाण आहे. ते एक्सएमएलमध्ये लिहिलेले, सही केलेले निवेदन पाठवते. ओपनआयडी कनेक्ट २०१४ चे. ते ओऑथ २.० वर उभे आहे आणि छोट्या टोकनांनी काम भागवते. गिटलॅब दोन्ही समजते, कीक्लोकही दोन्ही देते. आधीपासून सॅमलवर चालणारी व्यवस्था मुख्य कार्यालयात नसेल तर ओपनआयडी कनेक्ट घ्यावे. त्याची मांडणी सोपी आहे, चूक सापडायला कमी वेळ लागतो, आणि एक्सएमएलच्या सह्या तपासण्यातले बारकावे टळतात. हे बारकावे किती महागात पडतात ते सप्टेंबर २०२४ मध्ये दिसले. गिटलॅब वापरत असलेल्या रुबी-सॅमल या लायब्ररीत सही तपासण्याची एक गंभीर त्रुटी निघाली आणि बनावट निवेदन दाखवून दुसऱ्याच्या नावाने आत शिरणे शक्य असल्याचे उघड झाले. त्याच वर्षी मे महिन्यात गिटहबच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या आवृत्तीतही सॅमलशी निगडित तितकीच गंभीर त्रुटी दुरुस्त करावी लागली होती.

तयारीत तीन गोष्टी येतात. दोन्ही सर्व्हरना कायमची नावे हवीत. आयपी पत्त्यावर केलेली जोडणी नेटवर्क बदलले की मोडते. दोन्हींवर एचटीटीपीएस हवे. कारखान्याने स्वतःचेच प्रमाणपत्र-प्राधिकरण उभारले असेल, तर त्याचे मूळ प्रमाणपत्र गिटलॅबच्या विश्वासू प्रमाणपत्रांच्या फोल्डरमध्ये आधी टाकावे. ते राहून गेले तर ब्राउझरमध्ये सगळे ठीक दिसते आणि लॉगिन मात्र होत नाही, कारण ब्राउझर आणि गिटलॅबचा सर्व्हर हे दोघे कीक्लोकशी स्वतंत्रपणे बोलतात. तिसरी गोष्ट घड्याळाची. टोकनांना मिनिटांत मोजली जाणारी मुदत असते. कीक्लोकमध्ये प्रवेश-टोकनाची ठरावीक मुदत ५ मिनिटे आहे. दोन सर्व्हरच्या घड्याळांत चार-पाच मिनिटांचा फरक पडला की योग्य टोकनही नाकारले जाते. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्व्हरची वेळ एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळवलेल्या सर्व्हरशी, जुळलेली असावी लागते. तो नियम पाळला की ही अडचणही आपोआप मिटते.

कीक्लोकमध्ये ‘रेल्म’ म्हणजे वापरकर्त्यांचा एक स्वतंत्र संच. ‘मास्टर’ नावाचा रेल्म फक्त कीक्लोकच्या व्यवस्थापनासाठी ठेवावा आणि कारखान्यासाठी वेगळा तयार करावा. कर्मचाऱ्यांची खाती बहुतेक ठिकाणी आधीच अॅक्टिव्ह डिरेक्टरीत असतात. ती पुन्हा न भरता युजर फेडरेशनने जोडावीत आणि जोडणी फक्त वाचण्यापुरती ठेवावी. मग त्या रेल्ममध्ये गिटलॅबसाठी एक ‘क्लायंट’ नोंदवायचा. क्लायंट ऑथेंटिकेशन चालू, स्टँडर्ड फ्लो चालू, डायरेक्ट अॅक्सेस ग्रँट बंद. लॉगिननंतर वापरकर्त्याला परत कुठे पाठवायचे, तो पत्ता पूर्ण लिहावा. शेवटी तारांकन टाकून मोकळीक ठेवू नये. क्लायंटच्या क्रेडेन्शियल्स पानावर जे सिक्रेट मिळते ते पासवर्डइतकेच जपायचे असते. ईमेलने किंवा व्हॉट्सअॅपवर ते पाठवले जाऊ नये.

येथे एक गोष्ट हमखास निसटते. रेल्ममधील कोणताही वापरकर्ता रेल्ममधील कोणत्याही क्लायंटवर लॉगिन करू शकतो, ही कीक्लोकची मूळ वागणूक आहे. म्हणजे कारखान्यातील तीनशे जणांची खाती डिरेक्टरीतून आली असतील, तर भांडारातील लिपिकापासून सर्वांना गिटलॅबचे दार उघडे होते. यावर दोन उपाय आहेत. कीक्लोकमध्ये या क्लायंटसाठी वेगळा लॉगिन-प्रवाह तयार करून ‘ठरावीक भूमिका नसेल तर नकार’ अशी अट घालता येते. किंवा गिटलॅबच्या बाजूला नव्याने तयार होणारी खाती आपोआप अडवून ठेवायची आणि व्यवस्थापकाने मंजूर केल्यावरच खुली करायची. ही दुसरी सोय गिटलॅबमध्ये मुळातच चालू असते. ती बंद करू नये. दोन्ही उपाय एकत्र वापरले तर अधिक चांगले.

गिटलॅबकडील काम एका कॉन्फिगरेशन फाइलमध्ये होते. तिथे पुरवठादाराचे नाव, इश्यूअरचा पत्ता, क्लायंट आयडी, सिक्रेट, परतीचा पत्ता आणि मागायच्या माहितीचे तीन स्कोप (ओपनआयडी, प्रोफाइल, ईमेल) लिहायचे, डिस्कव्हरी आणि पीकेसीई चालू करायचे, आणि रीकॉन्फिगर आदेश द्यायचा. बहुतेक अपयशे दोनच ठिकाणी येतात. पहिले इश्यूअरच्या पत्त्यात. कीक्लोकच्या १७ व्या आवृत्तीपासून पत्त्यातील ‘ऑथ’ हा तुकडा मूळ मांडणीतून गेला. जुने मार्गदर्शन पाहून तो लिहिला की डिस्कव्हरी सापडत नाही. कीक्लोक प्रॉक्सीच्या मागे असेल आणि त्याला स्वतःचे बाहेरचे नाव सांगितलेले नसेल, तर तो टोकनात आतले नाव घालतो आणि इश्यूअर जुळत नसल्याची तक्रार येते. दुसरे अपयश परतीच्या पत्त्याचे. दोन्हीकडचा पत्ता अक्षर न् अक्षर सारखा हवा. शेवटची एक तिरकी रेघ जास्त असली तरी लॉगिन थांबते.

कोणत्या खुणेवरून माणूस ओळखायचा, हा निर्णय त्या फाइलमधला सर्वांत दूरगामी आहे. वापरकर्ता-नाव वाचायला सोपे म्हणून अनेक जण तेच निवडतात. पण नाव बदलते, आणि सोडून गेलेल्याचे नाव नव्या माणसाला दिले जाऊ शकते. मग नव्या माणसाच्या हाती जुन्याचे खाते येते. ‘सब’ ही खूण कीक्लोकने दिलेला न बदलणारा क्रमांक असतो, तीच निवडावी. तिचेही एक पथ्य आहे : रेल्म पुसून नव्याने बांधला, किंवा फेडरेशनमधील खाती काढून पुन्हा आणली, तर हे क्रमांक बदलतात आणि सगळे जण गिटलॅबला अनोळखी होतात. म्हणून कीक्लोकच्या डेटाबेसचा बॅकअप गिटलॅबच्या बॅकअपइतकाच नियमित घ्यावा लागतो.

गिटलॅब आधीपासून वापरात असेल तर जुनी खाती नव्या ओळखीशी बांधायची असतात. ईमेल जुळला की खाते आपोआप बांधण्याची सोय आहे. ती वापरायची असेल तर कीक्लोकमध्ये वापरकर्त्याला स्वतःचा ईमेल बदलता येणार नाही याची आधी खात्री करावी. नाहीतर व्यवस्थापकाचा ईमेल स्वतःच्या खात्यात लिहून कोणीही व्यवस्थापक होऊ शकतो. पंधरा-वीस माणसेच असतील तर आपोआप बांधणी टाळणे बरे. प्रत्येकाने जुन्या पासवर्डने आत जाऊन, प्रोफाइलमधील खाते-पानावरून कीक्लोक जोडून घ्यावा. तासाभराचे काम आहे आणि त्यात शंकेला जागा राहत नाही.

सगळे नव्या वाटेने येऊ लागले, की जुनी वाट बंद करायची. हे पाऊल मागे टाकले जाते आणि मग कायमचे राहून जाते. जानेवारी २०२४ मध्ये गिटलॅबने जाहीर केलेली त्रुटी त्याचे कारण सांगायला पुरेशी आहे : पासवर्ड बदलण्याची लिंक भलत्याच ईमेलवर मागवता येत होती. कीक्लोकसारखी बाहेरची ओळख जोडलेली असून सोबत पासवर्डही चालू ठेवलेला असेल, अशा ठिकाणांनाही त्या त्रुटीचा धोका होता; पासवर्डने प्रवेश पूर्ण बंद असलेली ठिकाणे वाचली. गिटलॅबच्या सेटिंगमध्ये यासाठी दोन वेगळ्या खुणा आहेत. एक वेबवरील पासवर्डची, दुसरी एचटीटीपीएसवरून गिट चालवताना लागणाऱ्या पासवर्डची. दोन्ही काढाव्या लागतात.

द्विस्तरीय पडताळणी कीक्लोकमध्येच लावावी. गिटलॅबमध्येही ती सक्तीची असेल तर माणसाला दोनदा कोड द्यावा लागतो. तेव्हा या पुरवठादाराकडून आलेल्यांना गिटलॅबची दुसरी पडताळणी वगळण्याची सोय वापरावी. रासायनिक कारखान्याची येथे एक खास अडचण असते. ज्वलनशील द्रावके हाताळल्या जाणाऱ्या भागात मोबाइल नेण्यास बंदी असते, आणि कोड तर मोबाइलवर येतो. अशा भागालगतच्या संगणकांवर काम करणाऱ्यांना वेबऑथन प्रमाणाची यूएसबी सुरक्षा-किल्ली द्यावी. ती संगणकाला लावून बोट टेकवले की पुरते, आणि फसव्या पानावर ती चालत नाही, हा कोडपेक्षा वरचढ गुण तिच्यात आहे.

येथपर्यंत आल्यावर लॉगिन सुरळीत होते आणि काम संपल्यासारखे वाटते. खरे काम इथून पुढे आहे. जोडणी चांगली की वाईट, हे माणूस आत कसा येतो यावरून ठरवू नये. तो नोकरी सोडतो त्या दिवशी काय होते, यावरून ठरवावे. लोट्यासारख्या वसाहतीत हा प्रसंग वारंवार येतो. वार्षिक शटडाऊनमध्ये ठेकेदाराचे अभियंते महिनाभर येतात, यंत्रपुरवठादाराचा माणूस आठवड्यासाठी येतो. जवळच लवेलला घरडा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे. अशा महाविद्यालयातून प्रशिक्षणार्थी घेतले तर त्यांचीही मुदत ठरलेली असते. शेवटच्या दिवशी गेटपास जमा करून घेतला जातो, तसा त्यांचा गिटलॅबचा प्रवेश जमा होतो का, हे पाहावे लागते.

कीक्लोकमध्ये खाते बंद केल्यावर नवे लॉगिन थांबते. एवढेच थांबते. गिटलॅबचे स्वतःचे सत्र वेगळे चालते आणि त्याची मूळ मुदत १०,०८० मिनिटे, म्हणजे पूर्ण ७ दिवस आहे. शुक्रवारी काम सोडलेल्या माणसाच्या लॅपटॉपवर उघडे राहिलेले पान पुढच्या गुरुवारीही चालू शकते. एसएसएच किल्ली तर कीक्लोकला विचारतच नाही. वैयक्तिक प्रवेश-टोकनाचेही तसेच. मे २०२३ मधील १६.० आवृत्तीपासून गिटलॅबने मुदत नसलेली टोकने देणे बंद केले, तरी वर्षभराची मुदत निघून गेलेल्या माणसासाठी फार मोठी आहे. सत्राची मुदत एका पाळीच्या आसपास आणावी आणि टोकनांना जास्तीत जास्त काही महिन्यांची मर्यादा घालावी. पण यातले काहीही खाते अडवण्याची जागा घेऊ शकत नाही. गिटलॅबमध्येच खाते ‘ब्लॉक’ केले की वेब, एपीआय, टोकन आणि एसएसएच किल्ली चारही वाटा एकदम बंद होतात, आणि त्या माणसाने केलेले काम जागेवर राहते. खाते पुसून टाकण्यापेक्षा अडवणे म्हणूनच चांगले.

हे अडवणे आपोआप व्हावे यासाठी एससीआयएम हे २०१५ चे प्रमाण आहे, मात्र गिटलॅबमध्ये ते सशुल्क आवृत्तीत मिळते. मोफत आवृत्तीवर एक छोटी स्क्रिप्ट पुरते. दर तासाला ती कीक्लोकमधील बंद खात्यांची यादी घेते आणि गिटलॅबच्या एपीआयमधून तीच खाती अडवते. स्क्रिप्ट लिहिणे अर्ध्या दिवसाचे काम. मनुष्यबळ विभागाकडून माणूस गेल्याची बातमी त्याच दिवशी डिरेक्टरीपर्यंत पोहोचवणे त्याहून अवघड. ठेकेदारांच्या माणसांची नोंद तर कित्येकदा त्या विभागाकडे नसतेच, ती सुरक्षा कार्यालयात असते. त्यामुळे ठेकेदाराचे खाते तयार करतानाच त्यावर शेवटची तारीख टाकावी; अॅक्टिव्ह डिरेक्टरीत तशी सोय आहे. काम वाढले तर तारीख वाढवता येते.

अडवण्याआधी एक तपासणी करावी. वेळापत्रकाने चालणारी पाइपलाइन कोणाच्या तरी नावावर असते, आणि ते खाते अडवले की ती पाइपलाइन चालत नाही. साठ्याचा पहाटेचा अहवाल एका सकाळी येत नाही आणि कारण शोधण्यात दिवस जातो. जाणाऱ्याच्या नावावरील वेळापत्रके आधी दुसऱ्याच्या नावे करून घ्यावीत. त्याला माहीत असलेली प्रकल्पाची टोकने आणि पाइपलाइनमधील पासवर्डही बदलावेत, कारण ती कोणा एका माणसाच्या खात्याला बांधलेली नसतात.

कीक्लोक माणूस कोण आहे हे सांगतो; कोणत्या प्रकल्पात त्याने काय करायचे हे गिटलॅबचे गट ठरवतात. कीक्लोकमधील गटांवरून हे हक्क आपोआप देण्याची सोयही सशुल्क आवृत्तीत आहे. लहान कारखान्यात ती नसली तरी अडत नाही. प्रयोगशाळा, ईआरपी, उपकरणन अशा विभागवार गटांत माणसे हाताने घालावीत आणि तिमाहीतून एकदा विभागप्रमुखाने यादी पाहून सही करावी. पीएलसीच्या प्रती ठेवलेल्या प्रकल्पात मुख्य शाखा संरक्षित असावी आणि दुसऱ्या अभियंत्याने पाहिल्याशिवाय बदल तिथे जाऊ नये.

ही सगळी व्यवस्था कार्यालयीन नेटवर्कची आहे. कंट्रोल रूममधील चालकाचा पडदा तिला कधीही जोडू नये. रिअॅक्टरचे तापमान चढत असताना चालकाला लॉगिनच्या पानावर अडकवणारी कोणतीही सुरक्षा ही सुरक्षा नाही.

संपर्क तुटला तर काय, याचा विचार कोकणात आधीच करावा लागतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडसह दापोली-मंडणगड भागाला झोडपले आणि कित्येक गावे दीर्घकाळ विजेविना राहिली. २२ जुलै २०२१ च्या महापुरात लोट्यापासून घाट उतरल्यावर लागणारे चिपळूण शहर पाण्याखाली गेले आणि वीज-फोन कोलमडले. अनेक कारखान्यांची मुख्य कार्यालये मुंबईत आहेत. कीक्लोक तिथे किंवा क्लाउडवर असेल आणि गिटलॅब लोट्यात, तर मधली तार तुटली की गिटलॅब जागेवर असूनही कोणी आत जाऊ शकत नाही. शक्य असेल तर कीक्लोकही कारखान्यातच ठेवावा.

त्याशिवाय आपत्कालीन वाट हवी. वेबवरील पासवर्ड बंद केल्यावर गिटलॅबचे रूट खातेही वेबवरून उघडत नाही, हे अनेकांना ऐन वेळी कळते. अशा वेळी सर्व्हरवरच लॉगिन करून गिटलॅबच्या रेल्स कन्सोलमधून पासवर्डची खूण पुन्हा चालू करता येते. त्यासाठीचा आदेश, सर्व्हरचा पासवर्ड आणि रूटचा पासवर्ड कागदावर छापून, सीलबंद पाकिटात, कारखान्याच्या तिजोरीत ठेवावेत. पाकीट उघडले तर नोंद करून पासवर्ड बदलावेत. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, कीक्लोक मुद्दाम बंद ठेवून ही वाट चालवून पाहावी.

नोंदींबाबत कायदा स्पष्ट आहे. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांनुसार यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस भारतात जपाव्या लागतात आणि निर्देशात नमूद प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. दोन्ही यंत्रणांची मूळ मांडणी येथे अपुरी पडते. कीक्लोकमध्ये लॉगिनच्या घटना डेटाबेसमध्ये साठवणे मुळात बंद असते. ते चालू करून मुदत १८० दिवसांपेक्षा जास्त ठेवावी. गिटलॅबच्या लॉग फाइली रोज बदलतात आणि साधारण ३० दिवसांच्याच मागे राहतात. त्या दुसऱ्या सर्व्हरवर रोज पाठवाव्यात, आणि त्या सर्व्हरवर गिटलॅबच्या व्यवस्थापकाला पुसण्याचा हक्क नसावा.

व्यासपीठ गिटहब असेल तर चित्र थोडे बदलते. सॅमलने जोडणी गिटहबच्या एंटरप्राइझ आवृत्तीतच मिळते. साध्या पद्धतीत कर्मचाऱ्याचे गिटहब खाते त्याचे स्वतःचेच राहते आणि संस्थेत शिरताना फक्त ओळख तपासली जाते. त्याची टोकने आणि एसएसएच किल्ल्या संस्थेसाठी वेगळ्या मंजूर कराव्या लागतात. खाती पूर्णपणे संस्थेच्या मालकीची हवी असतील तर ‘एंटरप्राइझ मॅनेज्ड युजर्स’ ही पद्धत निवडावी लागते, आणि तो निर्णय सुरुवातीलाच घ्यावा. सॅमल चालू करताना मिळणारे रिकव्हरी कोड त्याच सीलबंद पाकिटात जावेत.

जोडणी झाल्यावर तिची देखभाल एका ठरलेल्या माणसाच्या नावावर असावी आणि त्याला पर्यायी माणूसही नेमलेला असावा. गिटलॅबच्या सुरक्षा-सुधारणा आल्या की त्या आठवड्यातच लावाव्यात, कीक्लोकच्याही. आवृत्ती बदलण्याआधी दोन्हींचा बॅकअप घ्यावा, चाचणीच्या वेगळ्या सर्व्हरवर एकदा लॉगिन, एकदा नकार आणि एकदा खाते अडवणे, असे तिन्ही करून पाहावे, मगच खऱ्या सर्व्हरला हात लावावा. क्लायंटचे सिक्रेट वर्षातून एकदा बदलावे आणि एचटीटीपीएस प्रमाणपत्रांच्या मुदतीची आठवण महिनाभर आधी लावून ठेवावी. मुदत संपलेले प्रमाणपत्र हे अचानक सर्वांचे लॉगिन थांबण्याचे नेहमीचे कारण असते.